तिसरा हिस्सा

पाटलीणबायने पहिल्याच भेटीत माझी परीक्षा घेतली आणि मी सपशेल नापास झाले.

सनद मिळून तेव्हा मला जेमतेम सात महिने झाले होते. पालघरला कोर्टामागच्या गल्लीत आमच्या सरांचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात माझा मान साधारण पंख्याच्या खालोखाल होता. बाई पक्षकार आली की सर म्हणायचे, "मॅडमकडे बसा." मॅडम म्हणजे मी. यात माझ्या हुशारीचा काही संबंध नव्हता. सरांच्या टेबलासमोरच्या खुर्च्या मोठ्या लोकांसाठी मोकळ्या ठेवायच्या असत, एवढंच.

तर ही बाई माझ्यासमोर बसली. साठीच्या आतबाहेरची, उंच, उन्हाने रापलेली, खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. मी छापील वकीलपत्र तिच्यापुढे सरकवलं आणि सहीची जागा पेनाने दाखवली, रोज दहा जणांना दाखवायची तशी. तिने पेन बाजूला ठेवलं. चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचायला लागली. अगदी वरच्या मथळ्यापासून. ऑफिसातले लोक आधी हसले, मग कंटाळले, मग चक्क ऐकू लागले. मध्यावर आल्यावर तिचं बोट थांबलं.

"हे काय लिवलंय गो? वकील जी तडजोड करतील ती मला कबूल व मंजूर राहील. तडजोड तुमी करनार आनी कबूल मी?"

"ते छापीलच असतं, आजी."

"छापील हाय मंजे बरोबर हाय काय?" तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आनी मी आजी नाय. मला पोर नाय, तर नातू कुटला? पाटलीनबाय म्हन."

सरांनी उठून येऊन ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि शेजारी सही केली. तेव्हा कुठे तिने पेन उचललं. तो छापील कागद मी सात महिन्यांत कितीतरी लोकांपुढे सरकवला होता आणि स्वतः एकदाही पूर्ण वाचला नव्हता. ही गोष्ट मी त्या दिवशी कुणालाच सांगितली नाही.

तिचं खरं नाव मथुरा. गाव मुरब्याच्या अलीकडे, समुद्राचा वारा लागेल पण मासळीचा वास येणार नाही एवढ्या अंतरावर. सासरच्या घराण्यात गावची पाटीलकी होती. पाटीलकी गेली, मग कुळकायद्यात शेतं कसणाऱ्यांच्या नावावर झाली. त्याबद्दल तिच्या मनात कडवटपणा नव्हता. "ज्यानं कसली त्याला गेली, त्यात रडायचं काय," म्हणायची. उरली ती तीन एकरांची वाडी. सासऱ्यांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती. माड, सुपारी, केळी, आणि मधोमध सुपारीच्या सावलीतला पानवेलींचा मळा. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर दोन मुलांची नावं राहिली. थोरला पाटलीणबायचा नवरा, धाकटा सदूभाऊ. पुढे नवरा गेला, आणि दिवस झाल्यावर महिन्याभरातच सदूभाऊने दावा लावला, की थोरल्या भावाने जिवंतपणीच आपला हिस्सा मला सोडून दिला होता. वयनीला मूलबाळ नाही, वाडी सगळी माझी. अर्धी वाडी गेली असती तर या बाईच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन राहिली नसती. ती आमच्याकडे आली ती एवढ्यासाठी.

मी बोईसरची. वडील सोलापूरकडून येऊन तारापूरच्या एका कारखान्यात लागले. आमच्या घरी जमीन म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतली माती. त्यामुळे जमिनीसाठी माणसं कोर्टाची पायरी का झिजवतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आतून कळत नव्हतं. ते थोडंफार कळलं असेल तर या बाईमुळे.

तिच्या काही रीती होत्या. गुढीपाडवा झाला की त्याच आठवड्यात ती नवा सातबारा काढायची. लोक पंचांग आणतात तसा. "वरीसभरात कोनी काय खाडाखोड केली काय ते कळते," असं तिचं म्हणणं. दुसरी रीत पोच घेण्याची. कुठल्याही ऑफिसात कागद दिला की पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. साहेब जेवायला गेले असतील तर ते जेवून येईपर्यंत बाकावर बसायचं. एकदा तिने सरांच्या घरी केळ्यांचा घड पाठवला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "पोचला? कोनी घेतला? नाव काय तिचं?" मी हसले. ती हसली नाही.

गावातल्या बायका तिच्याकडे कागद घेऊन यायच्या. वीजबिलापासून कोर्टाच्या समन्सपर्यंत काहीही. मी एकदा कामासाठी तिच्या घरी गेले, तेव्हा मनोरकडच्या डोंगरातली एक म्हातारी ओट्यावर बसली होती. केळीच्या कामाला आलेल्या कुण्या नातेवाईक बाईने तिला पाटलीणबायचं नाव सांगितलं होतं. हातात तहसीलची नोटीस. पाटलीणबायने ती शब्दन् शब्द वाचून दाखवली. म्हातारी म्हणाली, "म्हंजे काय?" तिने सोप्या भाषेत पुन्हा सांगितलं. म्हातारीने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. तासभर हे चाललं. माझं काम राहून गेलं आणि मला मनातून राग आला. सातवी शिकलेली बाई, आपलं स्वतःचं प्रकरण गळ्याशी आलेलं, आणि दुनियेचे कागद वाचत बसायची हौस, असं मला वाटलं होतं. ती हौस नव्हती, हे कळायला मला अजून दोन वर्षं लागायची होती.

आता बसची गोष्ट. कोर्टाच्या पहिल्या तारखेला मी बोईसरच्या नाक्यावर पालघरच्या एसटीत चढले आणि बघते तर मधल्या बाकावर पाटलीणबाय, आणि तिच्या शेजारी सदूभाऊ. वादी आणि प्रतिवादी, मांडीला मांडी लावून. त्यांच्या गावाहून सकाळी कोर्टाच्या वेळेला पोचवणारी गाडी एकच, हे खरं. पण गाडीत इतर बाकं होती.

"भावजी, काल पान्याची पाळी तुमची व्हती, तुमी सोडलं नाय ते?"

"पंप बसलाय गो वयनी. आज येते मिस्तरी."

जाताना तिकीट तो काढायचा, येताना ती. दुपारी कोर्टाच्या आवारात बदामाच्या झाडाखाली ती भाकरी आणि सुकटीची चटणी सोडायची, अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवायची. मी घाबरून तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "पाटलीणबाय, तो आपल्याविरुद्ध आहे." ती म्हणाली, "दावा वाडीचा हाय. भाकरीचा कुटं हाय?" सहा वर्षं त्या दोघांनी एकाच बसने कोर्टात येऊन एकमेकांविरुद्ध दावा चालवला. मला आधी हे हास्यास्पद वाटायचं. नंतर नंतर त्या बाकाकडे बघून मनाला बरं वाटू लागलं.

मग तिची साक्ष आली.

सदूभाऊच्या वकिलांचा अनुभव दांडगा. त्यांना दाखवायचं होतं, की या बाईचा वाडीशी संबंध नावापुरता, कष्ट सगळे दिराचे. त्यांनी विचारलं, "वाडीत माड किती?" ती म्हणाली, "कोनच्या बाजूनं सांगू?" आणि उत्तरेकडून एकेक ओळ सांगायला लागली. कुठला माड वाकडा, कुठल्यावर वीज पडून नुसतं खोड राहिलंय, कुठला सासूबाईंच्या हातचा, कुठल्याला गेल्या साली भुंगा लागला. न्यायाधीश लिहून घेता घेता थांबले आणि म्हणाले, "पुरे, पुरे." मागच्या बाकांवर हशा झाला. वकीलसाहेबही हसले, पण त्यांचा हुकमी पत्ता अजून हातातच होता.

त्यांनी तो काढला. जुना, घडीवर विरलेला स्टॅम्पपेपर. तिच्या नवऱ्याचं हक्कसोडपत्र. मी माझा हिस्सा धाकट्या भावाला सोडून देत आहे, खाली सही.

आमची तयारी साधी होती. तिने सही ओळखत नाही म्हणायचं, पुढचं आम्ही बघू. आदल्या दिवशी मी तिला दोनदा तसं समजावलं होतं. ती ऐकून घेत होती, पण हो म्हणाली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"ही सही कुणाची? ओळखता?"

तिने कागद हातात घेतला. आधी तो सगळा वाचला, या खेपेला मनातल्या मनात. तिचं बोट सहीखाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"त्यांचीच हाय," ती म्हणाली. "दारू पिऊन केलेली दिसते. पन त्यांचीच हाय."

सरांनी डोळे मिटले. सदूभाऊने मान खाली घातली. आपल्या वयनीने खरं बोलावं अशी त्यानेही अपेक्षा केली नसावी. मला तिचा संताप आला. सहा वर्षांची मेहनत या बाईने एका वाक्यात पाण्यात घातली, असं मला वाटलं, आणि बाहेर आल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं.

"मंग काय खोटं बोलू?" ती म्हणाली. "माज्या नवऱ्याची सई मी वळकत नाय?"

सर मात्र मुरलेले. ते शांतपणे म्हणाले, सही खरी असू दे. हा कागद निबंधकाकडे नोंदवलेला नाही. स्थावर मिळकतीचा हक्क सोडायचा तर कागद नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर सही खरी असली तरी हक्क जागेवरच राहतो. आपण आता यावरच उभं राहायचं.

मी हे तिला सोप्या शब्दांत सांगितलं. तिचा चेहरा उजळेल असं मला वाटत होतं. ती बदामाच्या झाडाखाली उभी होती, भाकरीची पिशवी अजून बांधलेलीच.

"नोंदवला नाय तर हक्क जात नाय?"

"नाही जात."

"कोनाचाबी?"

"कुणाचाही."

"किती वर्सं झाली तरी?"

"तुम्हाला कसली काळजी आहे, पाटलीणबाय? तुमचा हक्क शाबूत आहे."

तिने पिशवी उचलली आणि भाकरी न खाताच ती एसटी स्टँडकडे चालायला लागली. सदूभाऊ तिच्या मागून गेला.

चार दिवसांनी ती तारीख नसताना आली. माझ्या टेबलावर तिने एक कागद ठेवला. तसाच स्टॅम्पपेपर, त्याच लेखनिकाचं वळणदार अक्षर. फक्त वर्ष कितीतरी आधीचं, आणि नाव हंसा.

हंसा ही तिची नणंद. तीन भावंडांत शेंडेफळ, दातिवऱ्याच्या बाजूला दिलेली. सासरे गेले तेव्हा वाडीत तिचाही तिसरा हिस्सा होता. पण आमच्याकडे बहिणी हिस्सा घेत नाहीत. बहिणीने हक्क सोडायचा, भावांनी तिची ओटी भरायची, साडी-चोळी करायची, आणि माहेरचं दार तिच्यासाठी उघडं ठेवायचं. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर नसतं, हे तिला लहानपणापासून न सांगता कळलेलं असतं. पाटलांच्या घरातही तसंच झालं. भावांना तोंडाने मागायला लाज वाटली, म्हणून त्यांनी घरातल्या सुनेला पाठवलं.

"मी गेलू," पाटलीणबाय म्हणाली. "नारळ, खन, हिरवी साडी. हंसाचं पोर तवा अंगावर व्हतं. एका हातानं तिनं त्याला धरलं आनी दुसऱ्या हातानं सई केली. मला म्हनली, वयनी, काय लिवलंय? मी म्हनलं, काय नाय गो, तुजं माहेर तुला रावते असं लिवलंय."

ती थांबली. कागदाची घडी बोटाने सरळ केली.

"तिला वाचता येत नव्हतं. मला येत व्हतं. वाडीचे तीनाऐवजी दोनच वाटे व्हनार, आमाला जास्ती येल, हे मला कळत व्हतं. मी वाचून दाकवलं नाय."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई प्रत्येक कागद मोठ्याने का वाचत होती, मनोरच्या म्हातारीपुढे तासभर का बसली होती, हे मला त्या क्षणी कळलं. तिच्याकडे बघवेना. मी उगाच फाइल बांधायला लागले.

तो कागदही नोंदवलेला नव्हता. तलाठ्याकडे जबाब देऊन सातबाऱ्यावरून नाव तेवढं कमी केलेलं. ज्या मुद्द्यावर पाटलीणबायची वाडी वाचणार होती, त्याच मुद्द्याने हंसाचा हिस्साही जिवंत होत होता. अर्ध्या वाडीऐवजी पाटलीणबायला एक तृतीयांश मिळणार. दीड एकराचा एक एकर. आणि सदूभाऊचंही तसंच.

सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "पाटलीणबाय, तिचं नाव दाव्यात नाही, सातबाऱ्यावर नाही. तिने मागितलेलं नाही. समोरच्या वकिलांच्या हे लक्षात आलेलं नाही. तुम्ही हा कागद घरी घेऊन जा आणि विसरा." मग माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, "सर बरोबर सांगतायत." तेव्हा मला ते व्यवहारज्ञान वाटलं होतं. आज त्या वाक्याची मला लाज वाटते. मी बाई होते, मला एक धाकटी बहीण होती, आणि माझ्या तोंडून हे निघालं.

पाटलीणबायने दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी माजे वकील ना? मंग माजी बाजू मांडा. माजी बाजू ही हाय."

तिने तिथून जाऊन आधी सदूभाऊला सांगितलं. वकिलाला कळवण्याआधी दिराला कळवायचं, ही तिची नीती. पुढच्या तारखेला मी बोईसरला एसटीत चढले तेव्हा मधल्या बाकावर ती एकटी होती. सदूभाऊ मागून कुणाच्या तरी मोटारसायकलवर आला आणि तिच्याकडे न बघता कोर्टात शिरला. तिच्यावर दावा लावणाऱ्या दिराशी जे नातं सहा वर्षं तुटलं नव्हतं, ते बहिणीला तिचा हिस्सा द्यायचा म्हटल्याबरोबर तुटलं. गावातही बोलणं सुरू झालं. पाटलीण आता सगळ्या गावच्या लेकींना उठवणार, घराघरांत वाटण्या लावणार. तिच्या ओट्यावर कागद घेऊन येणाऱ्या बायका पंधरा दिवसांत दिसेनाशा झाल्या. त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना येऊ दिलं नाही. दुपारच्या सुट्टीत ती झाडाखाली बसायची आणि सवयीने अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवायची. ती अर्धी मी खाल्ली, दोन-तीन वेळा.

दातिवऱ्याला ती मला बरोबर घेऊन गेली. म्हणाली, "कायद्याचं तिनं विचारलं तर तू सांग. बाकी बोलू नको."

हंसाबाय मुलाच्या घराच्या पडवीत राहत होती. अंथरूण, पाण्याचा माठ, खुंटीवर दोन लुगडी. आम्हाला बघून उठली, चहा टाकायला निघाली. पाटलीणबायने तिला हाताला धरून खाली बसवलं, पिशवीतून तो कागद काढला, पहिल्या ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला सुरुवात केली. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता. माझा सर्व हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने सोडत आहे. राजीखुशीने या शब्दावर तिचं बोट थांबलं. तिने तो शब्द पुन्हा वाचला.

हंसाबायने कागदावरच्या आपल्या सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नको गो वयनी. मला हिस्सा नको. भाऊ बोलायचा बंद व्हईल."

"तो माज्याशीबी बोलत नाय."

"मंग मला माहेर कोनचं रावलं?"

"हंसा, तुला माहेर तवाबी नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं आता दोघी रडतील, गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. हंसाबाय ताठ झाली. इतक्या वर्षांचं तिच्या आत काय साठलं होतं ते एका दमात बाहेर आलं.

"माजा नवरा गेला तवा मी पोराला घेऊन तुज्या दारात आलू. ठावं हाय? चार दिस तू मला गोडाधोडाचं केलंस. पाचव्या दिसी ओटी भरलीस आनी ष्टँडावर आनून सोडलंस. मी पावनी नव्हती गो. मी माज्या वाडीत आलेली. तुला म्हाईत व्हतं. मला नव्हतं."

"व्हय," पाटलीणबाय म्हणाली.

"व्हय काय? व्हय म्हनून काय व्हते?"

"काय व्हत नाय."

परत येताना बसमध्ये पाटलीणबाय खिडकीबाहेर बघत होती. मी काहीतरी धीराचं बोलले. ती म्हणाली, "तू गप बस गो. तिनं बोललं ते बरोबर बोललं."

हंसाबाय तीन आठवड्यांनी स्वतःहून पालघरला आली. मुलगा बरोबर होता, पण बोलली तीच. सरांनी तिचा अर्ज केला, ती दाव्यात सामील झाली. सदूभाऊने दोन वर्षं रेटून बघितलं, मग निकाल लागला. तिघांना समान हिस्से. कुणी कुठला तुकडा घ्यायचा ते आपसात ठरवा, असं न्यायाधीशांनी सुचवलं. पाटलीणबाय तिथल्या तिथे उभी राहिली. "हंसा आदी निवडंल," म्हणाली. सदूभाऊने कपाळाला हात लावला, पण हरकत घेतली नाही.

हंसाबायने मधला तुकडा मागितला. त्यात पानवेलींचा मळा होता. पाटलीणबायच्या हातचा, प्रत्येक वेल तिने बांधलेली, दर आठवड्याला तिने पानं खुडलेली. वाडीतलं तिचं खरं घर म्हणजे तो मळाच, असं गावात म्हणत. हंसाबायला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी पाटलीणबायकडे बघितलं. तिने फक्त मान डोलावली आणि सही करण्याआधी नकाशा नीट बघून घेतला.

पाटलीणबाय गेल्या वर्षी गेली. मी तेव्हा नागपूरला होते, एका लग्नात. निरोप उशिरा मिळाला. माझं आता स्वतःचं ऑफिस आहे, बोईसरला, आणि वकीलपत्रातलं ते तडजोडीचं वाक्य मी पक्षकाराला वाचून दाखवते आणि नको असेल तर खोडते. तिने मला शिकवलेलं एवढंच मी करू शकले. नणंदेकडे जाऊन उभं राहायचं जे धाडस तिने केलं, ते माझ्या वाट्याला आलं असतं तर मी केलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही.

तिचं मला शेवटचं दर्शन झालं ते मोजणीच्या दिवशी. भूमापक आले, हद्दीचे दगड रोवले, पंचनाम्यावर सह्या झाल्या. सदूभाऊ त्याच्या तुकड्यात निघून गेला. लोक पांगले. हंसाबाय एकटी मळ्यात गेली होती. वेलींच्या ओळींतून हळूहळू फिरत होती, मध्येच एखाद्या पानाला हात लावत होती.

पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, आणि दुसऱ्याच्या मळ्यात त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. तिकडची रीतच आहे ती. पाटलीणबाय बांधावर आली. नव्या दगडाशी थांबली. चपला काढून हातात घेतल्या आणि हाक मारली.

"हंसा, येऊ काय गो?"

हंसाबायने वळून बघितलं. दोघींच्या मध्ये वेलींच्या पाच-सहा ओळी असतील. मला वाटलं, आता ती ये म्हणेल. माझी मनापासून इच्छा होती तिने ये म्हणावं.

"आज नको," हंसाबाय म्हणाली. "मी सांगन तवा ये."

मला फार लागलं ते. मी पाटलीणबायजवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. तिने माझा हात थोपटला आणि हलक्या आवाजात, मळ्यात ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बगितलंस? आता झाली वाडी तिची."

मळ्यापलीकडे तिचं घर दिसत होतं. मधून गेलं तर पन्नास पावलं. ती वळली आणि चपला हातातच घेऊन, बांधाबांधाने, सगळ्या वाडीला वळसा घालून घरी गेली.